जोडलेल्या उपकरणांचा पर्यावरणीय हिशेब

विजेचा वापर म्हणजे दिवा, पंखा, पिठाची गिरणी आणि विहिरीवरील पंप, हे समीकरण महाराष्ट्रात दीर्घकाळ रूढ होते. या साऱ्या उपकरणांचा एक समान गुण असा की, ती बंद केली म्हणजे खरोखरच बंद होतात. गेल्या दोन-अडीच दशकांत घराघरांत आलेल्या उपकरणांचे मात्र तसे नाही. दूरचित्रवाणीसोबतचा सेट-टॉप बॉक्स, इंटरनेटचा राउटर, दारावरचा कॅमेरा, बोललेली आज्ञा ऐकणारा स्पीकर, मळ्यातील पंपाचा मोबाईल स्टार्टर ही सारी उपकरणे एका अदृश्य जाळ्याशी जोडलेली असतात आणि संदेश केव्हा येईल याची वाट पाहत अहोरात्र जागी राहतात. ही जागरूकता हाच त्यांचा उपयोग होय. आणि त्यांच्यावरील खर्चाचा एक मोठा भागही तिच्यापायीच होतो.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने 2014 साली या विषयावर एक अहवाल प्रसिद्ध केला. जाळ्याशी जोडलेली 1,400 कोटींहून अधिक उपकरणे 2013 मध्ये जगात वापरात होती व ती वर्षाकाठी सुमारे 616 अब्ज युनिट वीज घेत होती, असे त्यात नमूद आहे. यापैकी सुमारे 400 अब्ज युनिट वीज केवळ सदोष वा जुनाट तंत्रामुळे वाया जात होती. ब्रिटन आणि नॉर्वे या दोन देशांचा मिळून वर्षभराचा वीजवापर तेवढाच भरतो, ही तुलनाही त्याच अहवालातील आहे.

तथापि वीज हा या हिशेबाचा एकच रकाना आहे. तो बिलावर छापून येतो म्हणून दिसतो इतकेच. खाण, कारखाना, वाहतूक, दूरवरची माहिती-साठवणूक केंद्रे आणि अखेरीस भंगार हे इतर रकाने ग्राहकाच्या हाती कधीच पडत नाहीत. ते सारे एकत्र मांडण्याची एक शास्त्रीय पद्धत आता जगभर मान्य झाली आहे.

जीवनचक्र मूल्यमापन

या पद्धतीला जीवनचक्र मूल्यमापन असे म्हणतात. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने 14040 या क्रमांकाचे मानक 1997 मध्ये प्रथम प्रसिद्ध केले व 2006 मध्ये त्याची सुधारित आवृत्ती काढली. वस्तूचा जन्म खाणीत झाला असे समजून तिच्या अंतापर्यंतचा प्रत्येक टप्पा तपासावयाचा, हे त्याचे सूत्र. प्रथम अभ्यासाचे उद्दिष्ट आणि व्याप्ती ठरवावी लागते. त्यानंतर प्रत्येक टप्प्यावर आत काय गेले आणि बाहेर काय पडले याची यादी करावयाची. म्हणजे किती तांबे, किती पाणी, किती वीज, किती धूर. पुढे या यादीतील आकड्यांचे हवामान, पाणी, माती आणि मानवी आरोग्य यांवरील परिणामांत रूपांतर करावयाचे, आणि शेवटी त्यांचा अर्थ लावावयाचा.

सांगावयास ही रीत सोपी वाटते. पण खरी मेख पहिल्याच पायरीत आहे. तुलना कशाची कशाशी करावयाची? दोन मोबाईल फोनांची तुलना 'एक फोन' या मापाने केली तर स्वस्त, हलका आणि दोन वर्षांत निकामी होणारा फोन सरस ठरण्याचा संभव असतो. तीच तुलना 'एका वर्षाची सेवा' या मापाने केली की निकाल उलटा लागू शकतो. या मापाला कार्यात्मक एकक म्हणतात. ते काय धरले आहे, हे पाहिल्यावाचून कोणत्याही कंपनीच्या पर्यावरणविषयक दाव्यावर मत बनवू नये.

दुसरा प्रश्न सीमेचा. सीमा बदलली की आकडा किती बदलतो याचे घरचेच उदाहरण आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या हिशेबानुसार 2021-22 या वर्षी देशात सुमारे 16 लाख टन ई-कचरा निर्माण झाला व त्यापैकी सुमारे 5 लाख 27 हजार टन गोळा होऊन त्यावर प्रक्रिया झाली. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या जागतिक अहवालात मात्र भारताचा 2022 चा आकडा सुमारे 41 लाख टन दिला आहे. मंडळाचा हिशेब तेव्हाच्या नियमांतील 21 प्रकारच्या उपकरणांपुरता होता, तर जागतिक अहवालाची यादी त्याहून कितीतरी लांब. दोन्ही आकडे आपापल्या सीमेत बसतात. ते एकमेकांशेजारी मांडून वाद घालण्यात मात्र अर्थ नाही.

फोन आणि राउटर

आता दोन ओळखीची उपकरणे घेऊन प्रत्यक्ष हिशेब करता येईल. भारतातील वीज अजूनही सुमारे तीन-चतुर्थांश कोळशावर तयार होते. त्यामुळे एका युनिटामागे सरासरी सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड वायू हवेत जातो. हा आकडा पुढील सर्व गणिताचा पाया आहे.

फोनच्या बॅटरीत पूर्ण भरल्यावर साधारण 19 वॅट-तास ऊर्जा मावते. चार्जरमधील घट धरून रोज 25 वॅट-तास लागतात असे मानले, तरी वर्षाची बेरीज 9 युनिटांच्या फारशी पुढे जात नाही. म्हणजे वर्षाकाठी साडेसहा किलोंच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. याउलट, फोन तयार होतानाच झालेले उत्सर्जन पाहावे. निर्मात्यांनी स्वतः प्रसिद्ध केलेल्या विवरणांनुसार स्मार्टफोनच्या एकूण जीवनभारापैकी सुमारे चार-पंचमांश भाग निर्मितीचाच असतो, आणि तो साधारणतः 50 किलोंच्या घरात जातो. दोनशे ग्रॅम वजनाच्या वस्तूसाठी हा भार फार मोठा आहे. त्याचे कारण तिच्यातील अर्धवाहक चकत्या. त्या बनविण्यासाठी अत्यंत शुद्ध पाणी, अखंड वीज आणि काही फ्लोरिनयुक्त वायू लागतात. यांपैकी अनेक वायूंची तापमान वाढविण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या हजारो पट असते. तैवानमध्ये 2021 साली पडलेल्या अवर्षणात चकत्यांच्या कारखान्यांना टँकरने पाणी पुरवावे लागले आणि त्याच वेळी मोठ्या क्षेत्रावरील भातशेतीचे सिंचन थांबविण्यात आले. उन्हाळ्यातील आवर्तनाची वाट पाहणाऱ्या मराठवाड्यातील वाचकाला यातील ताण वेगळा समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

हा फोन दोन वर्षांत टाकला, तर 50 किलो निर्मितीचे आणि 13 किलो विजेचे मिळून 63 किलो, म्हणजे एका वर्षाच्या सेवेमागे साडेएकतीस किलो. तोच फोन पाच वर्षे वापरला, मध्यंतरी बॅटरी बदलली आणि नव्या बॅटरीचे दोन-तीन किलो त्यात धरले, तरी एकूण भार 85 किलोंच्या आसपास राहतो व वर्षाचा वाटा 17 किलोंवर येतो. चार्जर भिंतीवरून काढून ठेवण्याने जे साधत नाही, ते एक बॅटरी बदलल्याने साधते. युरोपातील पर्यावरण संस्थांच्या महासंघाने 2019 मध्ये केलेल्या अभ्यासात, युरोपीय संघातील सर्व स्मार्टफोनांचे आयुष्य केवळ एका वर्षाने वाढविले तर 2030 पर्यंत दरवर्षी 21 लाख टन कार्बन डायऑक्साइड वाचेल असा अंदाज देण्यात आला आहे.

राउटरचे गणित नेमके उलटे आहे. त्याला पडदा नाही, बॅटरी नाही. निर्मितीचा भार फोनहून बराच कमी. पण तो 10 वॅटचा धरला आणि वर्षभर चालू ठेवला, तर 87.6 युनिट वीज लागते. म्हणजे सुमारे 61 किलो कार्बन डायऑक्साइड दरसाल. पाच वर्षांत 300 किलोंच्या वर. कोळशाच्या भाषेत सांगावयाचे तर कोळशावरील 88 युनिटांसाठी साधारण 60 किलो कोळसा जळतो, आणि भारतीय कोळशातील राखेचे प्रमाण पाहता त्यातून 20 किलोंवर राख उरते. चंद्रपूर किंवा कोराडीच्या परिसरातील रहिवाशांना ही राख ठाऊक आहे. सेट-टॉप बॉक्सची कथा याच मासल्याची. अनेक जुन्या बॉक्समध्ये रिमोटने 'बंद' केल्यावर समोरचा दिवा तेवढा लाल होतो आणि विजेची ओढ जवळजवळ पूर्वीइतकीच राहते. एक कोटी घरांत असे एकेक 10 वॅटचे उपकरण सतत चालू असेल तर 100 मेगावॅट वीजनिर्मिती केवळ त्यांच्यासाठी अखंड राखून ठेवावी लागते.

यावरून एक गोष्ट लक्षात यावी. फोनबाबत उपाय दीर्घ वापराचा. राउटर व सेट-टॉप बॉक्सबाबत उपाय कमी विजेच्या बनावटीचा आणि रात्री भिंतीवरील बटण बंद करण्याचा. राउटर रात्रीचे आठ तास बंद ठेवल्यास वर्षाला 29 युनिट वाचतात. दोन्ही उपकरणांना एकच उपदेश लागू करणे चुकीचे होईल. जवळजवळ सारी वीज जलविद्युत केंद्रांतून घेणाऱ्या नॉर्वेमध्ये हाच राउटर जवळपास निर्दोष ठरतो. परदेशी अभ्यासाचे निष्कर्ष जसेच्या तसे उचलून येथे मांडण्यातला धोका तो हाच.

सज्ज अवस्थेतील विजेवर कायद्याने मर्यादा घालता येते, हे युरोपीय संघाने दाखवून दिले आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने एका वॅटची मर्यादा 1999 मध्ये सुचविली होती. युरोपात 2010 पासून ती साध्या उपकरणांना लागू झाली व 2013 पासून अर्ध्या वॅटवर आली. जाळ्याशी जोडलेल्या सामान्य उपकरणांसाठी 2015 मध्ये 6 वॅट, 2017 मध्ये 3 वॅट आणि 2019 मध्ये 2 वॅट अशी पायरीपायरीने कपात करण्यात आली. ग्राहकाच्या सवयीवर विसंबून राहण्यापेक्षा कारखान्याच्या दारातच वीज अडविण्याचा हा मार्ग अधिक खात्रीचा आहे.

मळ्यातील उपकरणे

महाराष्ट्रापुरता विचार करताना शेतावरील उपकरणे वगळून चालणार नाही. शेतीपंपांना अनेक ठिकाणी पाळीपाळीने व रात्रीही वीज मिळते. अंधारात, विंचू-सापाच्या वाटेने विहिरीवर जाण्याऐवजी घरूनच पंप सुरू करता यावा म्हणून शेतकऱ्यांनी सिम कार्डवर चालणारे मोबाईल स्टार्टर मोठ्या प्रमाणावर स्वीकारले. ही सोय केवळ चैनीची नव्हे. तिच्यामागे जिवाचा प्रश्न आहे.

असा स्टार्टर 3 वॅट घेतो आणि दिवसाचे आठ तास पुरवठा असतो असे धरले, तर त्याची स्वतःची भूक वर्षाला 9 युनिटांहूनही कमी भरते. पाच अश्वशक्तीचा पंप एका तासात सुमारे 4 युनिट वीज घेतो. म्हणजे वर्षभरात अवघे दोन-अडीच तासांचे अनावश्यक उपसणे टळले तरी स्टार्टरने आपली वीज फेडली. जमिनीतील ओलावा सांगणारा संवेदक सोबत असेल तर लाभ याहून मोठा, कारण विजेबरोबर पाणीही वाचते.

पण उपकरण कसे वापरले जाते यावर सारे अवलंबून असते. पुरवठा येताच पंप आपोआप सुरू करणारे ऑटोस्विच हे याचे उलट उदाहरण होय. शिवारातील सगळे पंप एकाच क्षणी सुरू होतात, रोहित्रावर एकदम भार येतो, ते जळते, आणि पिकाला गरज असो वा नसो पाणी वाहत राहते. म्हणूनच ऑटोस्विच काढून कॅपॅसिटर बसवावेत, असे आवाहन महावितरण वर्षानुवर्षे करीत आली आहे. बाहेरून पाहता मोबाईल स्टार्टर आणि ऑटोस्विच यांत फारसा फरक दिसत नाही. फरक आहे तो निर्णय कोणाच्या हाती राहतो यात.

बारामती येथील कृषी विज्ञान केंद्राच्या ऊसशेतीतील प्रयोगांमुळे संवेदक, हवामान केंद्रे व कृत्रिम बुद्धिमत्ता यांची चर्चा आता गावपातळीवर पोहोचली आहे. राज्य मंत्रिमंडळाने जून 2025 मध्ये महाॲग्री-एआय धोरणास मान्यता दिली. अशा संवेदकांची विजेची गरज अत्यल्प. ते बहुतेक काळ निद्रिस्त असतात व काही मिनिटांनी जागे होऊन एक छोटासा संदेश पाठवितात. त्यांचा खरा भार निर्मितीत, बॅटरीत आणि शेवटात आहे. प्रकल्प संपल्यावर किंवा सेवा देणाऱ्या संस्थेने वर्गणीअभावी सेवा थांबविल्यावर खांबावरची ती पेटी काढून कोण नेणार? उभारणीची कलमे करारनाम्यात तपशिलाने लिहिली जातात. काढून नेण्याचे कलमही तेवढ्याच तपशिलाने लिहिले जावे, अशी अपेक्षा ठेवणे वावगे नाही. लिथियमची बॅटरी नांगराच्या फाळाखाली येण्याआधी ते झालेले बरे.

आयुष्याची दोरी

जोडलेल्या उपकरणांचा एक दोष जुन्या यंत्रांत नव्हता. शिवणयंत्राचा कारखाना बंद पडला म्हणून घरातले यंत्र थांबत नसे. जोडलेले उपकरण मात्र दूरच्या संगणकावर चालणाऱ्या सेवेवर अवलंबून असते. अमेरिकेत 'रिव्हॉल्व्ह' नावाचे घरगुती नियंत्रक उपकरण विकले जात असे. त्याची सेवा मे 2016 मध्ये बंद करण्यात आली आणि सुस्थितीतील उपकरणे एका दिवसात निरुपयोगी झाली. संगणकांवरील 'विंडोज 10' या प्रणालीचा सर्वसाधारण आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. नव्या आवृत्तीच्या अटींत न बसणारे कित्येक संगणक यंत्र म्हणून ठणठणीत आहेत. त्यांवर लिनक्ससारखी मुक्त प्रणाली बसवून ते शाळांमध्ये आणखी काही वर्षे चालविता येतात. पण त्यासाठी तसे करून देणारा माणूस तालुक्याच्या गावी उपलब्ध असावा लागतो.

या दृष्टीने दुरुस्तीच्या व्यवसायाकडे पर्यावरणाचे काम म्हणून पाहणे योग्य ठरेल. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून एस. टी. स्थानकासमोरच्या टपरीपर्यंत मोबाईल दुरुस्त करणारे कारागीर आहेत. त्यांचे अडते ते सुट्या भागांपाशी आणि नकाशांपाशी. केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्काबाबत समिती नेमली व त्याच वर्षी डिसेंबरमध्ये यासाठी संकेतस्थळ सुरू केले. फ्रान्समध्ये जानेवारी 2021 पासून काही उपकरणांवर दुरुस्ती-सुलभतेचे गुण छापणे बंधनकारक झाले. युरोपीय संघाने 20 जून 2025 पासून फोनसाठी याहून कडक अटी लागू केल्या आहेत: विक्री थांबल्यावरही सात वर्षे सुटे भाग, किमान पाच वर्षे प्रणालीची अद्ययावतता, आणि 800 वेळा भरल्यानंतरही 80 टक्के क्षमता टिकविणारी बॅटरी.

उपकरणाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या माहिती-साठवणूक केंद्रांचा उल्लेखही येथे आवश्यक आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या मते 2024 मध्ये जगातील अशा केंद्रांनी सुमारे 415 अब्ज युनिट वीज वापरली. भारतातील अशा क्षमतेचा सुमारे निम्मा हिस्सा मुंबई-नवी मुंबई परिसरात एकवटला असल्याने हा विषय राज्याच्या वीज व पाणी नियोजनाचा भाग झाला आहे. त्याचा सविस्तर विचार स्वतंत्र लेखातच करावा लागेल.

निर्लेखन आणि भंगार

शासकीय कार्यालयांत बंद पडलेले संगणक, मुद्रक आणि राउटर जडवस्तू संग्रह नोंदवहीत वर्षानुवर्षे नांदतात. निर्लेखनाचा प्रस्ताव, समितीची पाहणी, किमान मूल्याची निश्चिती आणि लिलाव असा हा प्रवास असतो. तोवर ते कोठीत धूळ खात पडून राहतात व दुरुस्तीयोग्य भागही कालबाह्य होतात. जी वस्तू पहिल्या वर्षी एखाद्या शाळेला देता आली असती, ती सहाव्या वर्षी वजनावर विकावी लागते. या विलंबालाही पर्यावरणीय किंमत आहे. ती कोणत्याही लेखाशीर्षाखाली पडत नाही एवढेच.

लिलावाबाबत विशेष दक्षता हवी. ई-कचरा व्यवस्थापनाचे 2022 चे नियम 1 एप्रिल 2023 पासून अमलात आले. उपकरणांची यादी 21 वरून 106 प्रकारांपर्यंत वाढली. एका आर्थिक वर्षात सूचीतील किमान एक हजार नग वापरणारी संस्था ही मोठी ग्राहक ठरते आणि तिने आपला ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण करणारा वा पुनर्चक्रण करणारा यांच्याच हवाली करावयाचा असतो. सर्वाधिक बोली लावणारा भंगार व्यापारी नोंदणीकृत असेलच असे नाही. त्याची बोली वरचढ असते याचे कारणच पुष्कळदा हे असते की, धूर, आम्ल आणि सांडपाणी यांवर त्याला काही खर्च करावयाचा नसतो.

तो खर्च दुसरे कोणी भरते. दिल्लीतील सीलमपूर किंवा उत्तर प्रदेशातील मुरादाबाद येथे ही कामे छोट्या खोल्यांतून चालत आली आहेत. तारा जाळून तांबे काढतात. सर्किट बोर्ड आम्लात बुडवून सोने सुटे करतात. शिसे, कॅडमियम आणि ज्वालारोधक रसायने धुरावाटे फुप्फुसात व सांडपाण्यावाटे नदीत जातात. शिशाची बाधा लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला सर्वाधिक घातक असते, आणि अशी खोली बहुधा घराचाच भाग असल्याने मुले तेथेच वावरतात. एवढे करूनही सोन्याचा बराच अंश वायाच जातो, आणि इतर दुर्मीळ धातू तर हाती लागतच नाहीत.

सुरक्षित मार्गाने काय साधते याचे उदाहरण जपानने घालून दिले. एप्रिल 2017 ते मार्च 2019 या काळात तेथील नागरिकांनी सुमारे 79 हजार टन लहान उपकरणे आणि 62 लाख जुने फोन जमा केले. त्यातून 32 किलो सोने, 3,500 किलो चांदी व 2,200 किलो कांस्य मिळाले आणि टोकियो ऑलिंपिकची सुमारे 5,000 पदके घडविण्यात आली.

भारतातील नव्या नियमांनुसार उत्पादकांवर पुनर्चक्रणाची टक्केवारी बंधनकारक आहे: 2023-24 पासून दोन वर्षे 60 टक्के, त्यापुढील दोन वर्षे 70 टक्के आणि 2027-28 पासून 80 टक्के. प्रमाणपत्रांचा हिशेब सोने, तांबे, ॲल्युमिनियम आणि लोखंड या चार धातूंवर बांधला आहे. त्यामुळे फोनमधील इतर दुर्मीळ धातू परत मिळविण्याची सक्ती कोणावर राहत नाही, ही या व्यवस्थेतील उणीव म्हणावी लागेल. बॅटऱ्यांसाठी 2022 चेच स्वतंत्र नियम आहेत.

जुने उपकरण हवाली करण्यापूर्वी त्यातील माहिती पुसली जाईल की नाही, ही शंका घरोघरी व कार्यालयोकार्यालयी फोन-संगणक अडकवून ठेवते. फोनमधील खाती बाहेर काढून तो कारखान्याच्या मूळ स्थितीत आणावा. संगणकाची चकती कार्यालयाने स्वतः पुसून वा निकामी करून तशी नोंद निर्लेखनाच्या कागदांत ठेवावी. पुण्यात कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था घरोघरी जाऊन कचरा गोळा करते व ई-कचराही स्वीकारते. जेथे अशी सोय नाही तेथे नगरपालिकेकडे किंवा उत्पादकाच्या संकलन केंद्राकडे चौकशी करावी. फुगलेली बॅटरी ओल्या वा सुक्या कचऱ्यात कदापि टाकू नये. घंटागाडीत दाबली जाऊन ती पेट घेऊ शकते. तिच्या टोकांवर चिकटपट्टी लावून ती कोरड्या वाळूच्या डब्यात, ज्वालाग्राही वस्तूंपासून दूर ठेवावी आणि वेगळी द्यावी.